साडेबारा टक्क्यांचे पेढे

कामोठे,
मंगळवार

तीर्थरूप काशिराममामा यांस,

तुमचा भाचा प्रणित याचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा धरला आहे, तेव्हा आठातलं एक अंग वजा धरावं.) तुमची साखर आता किती आहे? चिंधीमामीची कंबर पावसाळ्यात फार छळायची, ती ताळ्यावर आली का? मागच्या दारच्या हापूसच्या कलमाने यंदा तरी लाज राखली का? आमच्याकडे सर्व खुशाल आहेत. तुमची सून मनिषा क्लासमध्ये शिकवते, आई सगळ्या बिल्डिंगला शिकवते, आणि मी शिकतो आहे. तुम्ही आमच्या घरातले तिन्ही मोबाईल नंबर ब्लॉक केले आहेत. ही विद्या तुम्हाला तुमच्या प्रितेशने पुण्याला जाताना शिकवली, हेही कळलं. त्याबद्दल राग नाही. म्हणून तर कागदावर लिहितो आहे. कागद ब्लॉक करता येत नाही. फाडता येतो, पण वाचल्याशिवाय तुम्ही आजवर विजेचं बिलसुद्धा फाडलेलं नाही.

मामा, बातमी आनंदाची आहे. आमचं घर वाचलं. पण ते बुडत होतं हेच तुम्हाला माहीत नसणार, तेव्हा आधी बुडवून दाखवतो आणि मग वर काढतो.

उरण रोडच्या ज्या कंटेनर यार्डात मी सुपरवायझर होतो, ते गेल्या श्रावणात बंद झालं. बंद झालं म्हणजे एका सोमवारी गेटवर नवीन कुलूप होतं आणि आम्ही चौदा-चौदा वर्षं काम केलेले जुने लोक बाहेर उभे राहून, किल्ली कोणाकडे आहे यावर चर्चा करत होतो. (किल्ली शेवटपर्यंत कोणाकडेच निघाली नाही.) चार महिने घरी बसलो. मग कळंबोलीत एका गोडाऊनमध्ये खोकी मोजायची नोकरी मिळाली. मोजणी तीच, पगार मात्र निम्मा. मात्र घराचा हप्ता काही निम्मा होत नाही. हा फ्लॅट मी सहा वर्षांपूर्वी एका गृहकर्ज कंपनीकडून कर्ज काढून घेतला आणि सुरुवातीची रक्कम भरायला आईने पुतळ्यांची माळ मोडली, हे तुम्ही त्या वेळी ऐकलंच असेल. म्हणून तर मला घरात तोंड उघडता येईना. एक हप्ता चुकला, मग दुसरा चुकला. तिसरा चुकला की खातं बुडीत धरतात, मग साठ दिवसांची नोटीस येते, आणि मग दाराला कागद चिकटवून जातात. तिसऱ्याची तारीख होती पाच. मनिषाला सगळं ठाऊक होतं. आईपासून मात्र लपवलं होतं. वसुलीवाल्यांचा नंबर कोणी पाहिला तर संशय नको, म्हणून मी तो मोबाईलमध्ये 'ऑफिस' या नावाने ठेवला होता. हुशारी म्हणून केली. ही हुशारी किती लांब गेली ते पुढे वाचा.

दोन तारखेला मी मोबाईल चार्जिंगला लावून तसाच कामावर गेलो. अकरा वाजता 'ऑफिस'चा फोन आला आणि आईने उचलला. पलीकडे एक मुलगी होती. ती गोड आवाजात म्हणाली, आपल्याला आता साडेबारा टक्के लागू झालेले आहेत, मूळ कागदपत्रं घेऊन लगेच या, नाहीतर पुढची कारवाई होईल. मामा, तुम्हीच सांगा. आपल्या पट्ट्यातल्या बाईने हे ऐकलं तर ती काय समजेल? बाकीच्या महाराष्ट्रात साडेबारा टक्के म्हणजे महागडं व्याज असतं. आपल्याकडे साडेबारा टक्के म्हणजे एकच गोष्ट. नव्या शहरासाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायचा प्लॉट. त्याच्यावर आपल्याकडे सोयरिकी जुळतात, त्याच्यावरच भाऊ कोर्टात जातात, आणि म्हातारी माणसं त्याची वाट बघत बघत फोटोत जातात. आईने पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलं, आणि तिसऱ्याच्या आत मोबाईल देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू लावलं. (कॉल चालूच होता. त्या मुलीने दोन मिनिटं घंटा आणि आरती ऐकली, असं पुढे तिच्याच साहेबाकडून कळलं. मोबाईलच्या खालच्या भोकात अजून कुंकू आहे, त्यामुळे माझा आवाज लोकांना जरा सर्दी झाल्यासारखा येतो.)

संध्याकाळी सात वाजता मी घरी आलो, तर लिफ्टमध्येच तुपाचा वास. तळमजल्यावरच्या काकांनी माझा हात हातात घेऊन, प्लॉट कुठल्या सेक्टरला निघाला, असं विचारलं. दुसऱ्या मजल्यावर एका बाईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लोक बिल्डरकडे पाहतात. तिसऱ्या मजल्यावर आमचं दार सताड उघडं होतं. दाराबाहेर एकोणीस चपला होत्या (एक कोणाची तरी एकटीच आलेली), आणि आत आई हिरवी साडी नेसून, नाकात नथ घालून चार किलो पेढ्यांच्या खोक्यांमध्ये बसली होती. आजोबांच्या खाडीकाठच्या जमिनीचे जितके म्हणून वारस रिक्षेच्या अंतरावर राहतात, तितके सगळे हजर होते. गणूअण्णा, म्हणजे आईचे चुलतभाऊ, सातबाऱ्याच्या फायलीबरोबर मोजमापाची टेपही घेऊन आले होते. प्लॉट नसल्यामुळे त्यांनी आमचा हॉल मोजून ठेवला होता. त्यांच्या भरतने तोपर्यंत एक बिल्डर फोनवर धरून ठेवला होता. तळाला गाळे, वर सात मजले, आणि इमारतीचं नाव आजोबांचं की आजीचं, यावर वाद इतका पेटला होता की माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.

तुम्ही मात्र आला नव्हता. हे मी टोचून लिहीत नाही. (थोडं टोचून लिहितो आहे.) आईने दाराजवळची खुर्ची कोणाला बसू दिली नाही. तीत गणूअण्णांची फाईलसुद्धा ठेवू दिली नाही. मी विचारलं तर म्हणाली, वारा लागायला मोकळी ठेवली आहे. खुर्चीला वारा कशाला हवा, हे मला त्या गडबडीत सुचलं नाही.

आता खरं सांगायचं कोणी? मी तीनदा घसा खाकरला. पहिल्या वेळी मला पेढा दिला, दुसऱ्या वेळी पाणी दिलं, आणि तिसऱ्या वेळी मुख्य वारसाच्या मुलाला दोन शब्द बोलू द्या असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा माझ्या तोंडात पेढा होता. शेवटी मनिषा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. क्लासमध्ये नववीच्या पोरांना गणित शिकवते, तसंच तिने सावकाश सांगितलं, की प्लॉट आलेला नाही, व्याज आलंय. साडेबारा टक्के मिळायचे नाहीत, भरायचे आहेत. दोन हप्ते थकलेत आणि घर जायच्या बेतात आहे.

भरतच्या फोनमधून बिल्डर हॅलो हॅलो करत राहिला. गणूअण्णांनी टेप गुंडाळली आणि अर्धा पेढा खोक्यात परत ठेवला. मला वाटलं, आता आई रडेल किंवा मला झोडपेल. तिने नथ काढली, डब्यात ठेवली आणि विचारलं, माळ मोडली ती या घरासाठीच ना? मी मान हलवली. ती म्हणाली, मग मला का नाय सांगितला? मला फार लाज वाटली, मामा, हे तुम्हाला सरळ लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पनवेलला कंपनीच्या शाखेत गेलो. आम्ही म्हणजे मी, मनिषा, आई आणि गणूअण्णा. (अण्णांना बोलावलं नव्हतं. पण फाईल आहे आणि माणूस मोकळा आहे, तर जाऊ दे असं ठरलं. दाराशी शिपायाने काय काम विचारलं तर अण्णांनी सवयीने हरकत नोंदवायला आलोय असं सांगितलं.) तिथे कल्पेश नावाचे कर्ज अधिकारी भेटले. पोरगेलासा, सज्जन माणूस, मूळचा धुळ्याचा, दोन महिन्यांपूर्वीच इथे बदलून आलेला. त्याला आईने आधी उरलेले पेढे दिले आणि मग ते कशाचे आहेत ते सांगितलं. धुळ्याच्या माणसाला साडेबारा टक्के समजावून सांगायला गणूअण्णांना चाळीस मिनिटं लागली. नकाशाही काढला. ऐकता ऐकता बिचाऱ्याचा चेहरा असा झाला, की त्याने आपणहून दुसरी खुर्ची मागवली आणि म्हणाला, आजी, तुम्ही फोन न उचलता लपून बसला असता तर मला काही करता आलं नसतं. तुम्ही तिसरा हप्ता चुकायच्या आत आलात, आता पुष्कळ करता येतं.

आणि मामा, खरंच पुष्कळ करता येतं. मी सहा महिने रात्री छताकडे बघत पडलो होतो आणि ही सगळी माहिती रिक्षेने पंचवीस मिनिटांवर होती. आता तर मी आमच्या सेक्टरमधला तज्ज्ञ झालो आहे. पाचव्या मजल्यावरचे शिवाभाऊ काल त्यांची कर्जाची फाईल घेऊन आले होते, चहासुद्धा त्यांनीच पाजला. तर ऐका. पहिलं, कर्जाची मुदत वाढवून घेता येते. हप्ता लहान होतो, पण आयुष्य कर्जात लांबतं. कल्पेशनी हिशोब केला तर माझा शेवटचा हप्ता मी सदुसष्टचा झाल्यावर येत होता. आईने विचारलं, तवा मी कितीची? मनिषा बोटांवर मोजू लागली, तशी म्हणाली, मग शेवटचा हप्ता मीच भरीन, मना घाई नाय. दुसरं, काही महिने फक्त व्याज भरायचं आणि मुद्दल थांबवून ठेवायचं. तिसरं, दुसऱ्या ठिकाणी कमी व्याजावर कर्ज हलवायचं. पण ते हप्ते नियमित असतानाच होतं, माझ्यासारख्या चुकलेल्याला कोणी दारात उभं करत नाही. चौथं तर ऐकून मला चक्कर आली. थोडी फी भरून अर्ज केला तर आहे त्याच कंपनीत व्याजाचा दर खाली येतो. इतके दिवस हे कोणी सांगितलं का नाही, असं मनिषाने विचारलं, तर कल्पेश खाली बघून म्हणाले, मॅडम, इतके दिवस कोणी विचारलं नाही. मी त्या क्षणी ठरवलं की यापुढे प्रत्येक ठिकाणी विचारायचं. (परतताना रिक्षावाल्यालाही विचारलं, काही कमी होईल का. तो नाय बोलला, पण विचारलं.) शेवटचं होतं घर विकणं. कंपनीच्या परवानगीने आपणच विकलं, तर लिलावापेक्षा चांगला भाव येतो. हे ऐकल्यावर आईने नुसता गळ्यावर हात फिरवला, जिथे माळ असायची तिथे. मग कल्पेशनीच तो कागद बाजूला केला.

थोडक्यात, व्याजाचा दर उतरला, मुदत पाच वर्षं वाढली, सहा महिने फक्त व्याज. थकलेल्यातला एक हप्ता तिथेच भरला, कारण मनिषाने शिकवणीचे पैसे पाकिटात घालून आणले होते. तरी दर महिन्याला थोडा खड्डा उरतच होता. तो कसा बुजला, हा या पत्राचा सोन्याचा भाग आहे, नीट वाचा. नवीन कागद करताना घराची पाहणी करायची पद्धत आहे. शनिवारी कल्पेश पाहणीला आले. आईने तांदळाची भाकरी आणि वाकटी मासळीचं कालवण वाढलं. धुळ्याचा माणूस, वाकटी आयुष्यात पाहिली नव्हती. आधी ताटाकडे संशयाने पाहत होता, नंतर भाकऱ्या मोजायचं आम्ही सोडून दिलं. जेवून खिडकीत उभा राहिला, म्हणाला, वारा छान येतो इथे. म्हणाला, आपण तर पनवेलमध्ये लॉजवर राहतो, बायको आणि मुलगी गावाला आहेत, स्टेशनजवळ भाड्याने घर शोधून थकलो. मी आणि मनिषाने एकमेकांकडे पाहिलं.

होय, मामा. आमचा फ्लॅट आम्ही आमच्या कर्ज अधिकाऱ्यालाच अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने देतो आहोत. (त्याने मॅनेजरची लेखी परवानगी काढली आणि आमची फाईल दुसऱ्या साहेबाकडे सोपवली, सगळं रीतसर आहे.) म्हणजे कंपनी त्याला पगार देणार, तो मला भाडं देणार, आणि मी ते पाच तारखेला कंपनीला देणार. त्यांचाच पैसा कामोठ्याला येऊन, आमच्या खिडकीतला वारा खाऊन परत जाणार. गणूअण्णा म्हणाले की असा व्यवहार त्यांनी साठ वर्षांत पाहिला नाही, आणि अण्णांनी पाहिलेले व्यवहार तुम्हाला ठाऊकच आहेत. अकरा महिन्यांत माझी गाडी रुळावर येते, नवीन नोकरीही बघतो आहे. तेवढे दिवस आमची राहायची सोय कुठेतरी होईलच, तो अगदी किरकोळ मुद्दा आहे.

तर तुम्ही काळजी करू नये. तुमच्या शिरढोणने आद्य क्रांतिकारक दिला, तुमच्या बहिणीने निदान एक गृहकर्ज कंपनी वाकवली, एवढं समाधान मानावं. चिंधीमामीला नमस्कार. कलमाला चुना लावावा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
प्रणित

ता. क. १ : हे पत्र पैसे मागायला लिहिलेलं नाही. पैशाचं सगळं वर सांगितल्याप्रमाणे झालेलं आहे. हे आधीच लिहायला हवं होतं, म्हणजे तुम्ही निवांत वाचलं असतं.

ता. क. २ : प्रितेश पुण्याला गेल्यापासून तुमच्या घराचा वरचा मजला रिकामाच असतो का? सहज विचारतो. बंद घराला वाळवी लागते असं म्हणतात. शिरढोणहून कळंबोलीला जायला बस बऱ्या मिळतात, हेही सहजच पाहून ठेवलं आहे.

ता. क. ३ : टेम्पो रविवारी सकाळी नऊला सांगितला आहे. ड्रायव्हरला पत्ता तुमचा दिला आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. गणूअण्णांच्या दोन खोल्यांत जायचं आहे, असं तिला वाटतं. हक्कसोडीच्या कागदावरून तुमचं तिचं बोलणं तुटलं त्याला नऊ वर्षं झाली. बहिणीने भावासाठी हक्क सोडायचा ही रीत, तुम्ही कागद पाठवला, आणि तिने सही नाकारली, एवढंच मला माहीत आहे. तिच्या सहीवाचून प्लॉट अडला आहे, हेही माहीत आहे. पण मामा, तो राग तिच्यावर काढा, टेम्पोवर काढू नका. उतरवून परत चढवायचे ते दुप्पट घेतात.

ता. क. ४ (अक्षर मनिषाचं, बोलणं आईंचं. त्यांनी पत्र मला वाचायला लावलं आणि म्हणाल्या, आता मी सांगतंय ते लिव, एक शब्द बदलू नको.) :

दादूस, पोरगा वाकऱ्या वाटंनी मागतंय. मी सरल मागतंय. वरची खोली उघर, झारून ठेव. अकरा महिने आमी येताव. टेम्पो कुठं चाललाय ता मना पयल्या दिसापासून ठावं हाय, गणूच्या दोन खोल्यांत कपाट जात नाय.

त्या कागदावर मी सही नाय केली, असा तू कागूद देऊन धारलेल्या जगननी तुला सांगितला. नाय. जगन कागूद ठेवून गेला त्याच आठवड्यात मी सही केलीय. तांदलाच्या डब्याखाली हाय, नऊ वरसं. (मामा, हे मला आत्ता कळतंय. तो डबा मी दर महिन्याला उचलतो, खालची घडी कधी उघडून पाहिली नाही. — प्रणित) जगनला बोलली होती, रजिस्टर करायला दोगांना जावा लागते, तर दादूसला सांग, सोता येऊन ने. मना जमीन नको होती, तू पायजे होतास. तू माणूस धारलास.

पेढे मी प्लॉटचे नाय वाटले. मना वाटला, साडेबारा टक्के आला, आता सगल्यांना सह्यांना बोलावतील, आता तरी दादूस येल. खुर्ची तुझी ठेवली होती. रविवारी नऊच्या आत ये आणि कागूद ने. माणूस धारू नको.